एकाच रुग्णावर औषधाची कसोटी: गंभीर बोटुलिझममधील श्वसनदौर्बल्य आणि 3,4-डायअमिनोपिरिडीन

येथे मांडलेला रुग्ण प्रत्यक्षातील कोणी एक व्यक्ती नाही. बोटुलिझम हा जिवाणूच्या विषामुळे स्नायू लुळे पडण्याचा आजार आहे. त्याच्या गंभीर रुग्णांच्या प्रसिद्ध झालेल्या वर्णनांत जे वारंवार आढळते त्यावरून तो रचलेला आहे, आणि त्याच्या तपासण्यांचे आकडेही रचलेलेच आहेत. हा आजार इतका विरळ आहे की खऱ्या रुग्णाचे चार तपशील दिले तरी त्याची ओळख लपून राहत नाही. विष, औषध आणि पूर्वीचे प्रयोग यांविषयीची माहिती मात्र वास्तवातील आहे. या लेखात विचारलेला प्रश्न मर्यादित आहे: प्रतिविष देऊन झालेला आणि तरीही व्हेंटिलेटरवर अडकलेला असा एक रुग्ण समोर असताना, श्वसनाचे स्नायू सुधारतील या आशेने दिलेले औषध खरोखर उपयोगी पडते आहे की नाही, हे त्याच रुग्णावर कसे ठरवावे?

रुग्णाची हकिकत

रुग्ण 42 वर्षांचा, वजन 60 किलो, पूर्वी कोणताही मोठा आजार नाही आणि फेफरे कधीही आलेले नाही. हवाबंद करून साठवलेला एक पदार्थ खाल्ल्यानंतर साधारण वीस तासांनी त्याला तोंड कोरडे पडल्याचे आणि एका वस्तूच्या दोन वस्तू दिसत असल्याचे जाणवले. दुसऱ्या दिवशी पापण्या उचलेनात, बोलणे अडखळू लागले आणि घोट गिळताना ठसका लागू लागला. त्यानंतर मान, खांदे आणि दंड या क्रमाने अशक्तपणा खाली उतरत गेला. ताप नव्हता, संवेदना शाबूत होत्या आणि शुद्ध पूर्णपणे टिकून होती. डोक्याच्या चेतांपासून सुरू होऊन दोन्ही बाजूंना सारखाच खाली सरकणारा लुळेपणा, कोरडे तोंड, प्रकाशाला मंद प्रतिसाद देणाऱ्या रुंद बाहुल्या आणि बद्धकोष्ठ ही लक्षणे एकत्र आली की बोटुलिझमचा संशय घ्यावाच लागतो. गियां-बारे सिंड्रोमचा मिलर फिशर हा प्रकार, मायस्थेनिया ग्रेव्हिस आणि काही सर्पदंश यांच्याशी या चित्राची गल्लत होऊ शकते, म्हणून ती शक्यता तपासून बाजूला सारली गेली.

दाखल होताना त्याची व्हायटल कपॅसिटी, म्हणजे पूर्ण श्वास भरून नंतर पूर्ण सोडलेल्या हवेचे प्रमाण, किलोमागे 14 मिलिलिटर होते. निरोगी प्रौढात ते 60 ते 70 च्या घरात असते, आणि 20 च्या खाली गेल्यावर श्वासनलिकेत नळी घालण्याचा निर्णय बहुतेक अतिदक्षता विभागांत लांबवला जात नाही. या रुग्णाच्या रक्तातील प्राणवायूचे आणि कार्बन डायऑक्साइडचे आकडे त्या वेळी जवळजवळ ठीक होते, आणि नेमके याच टप्प्यावर फसायला होते. चेहरा लुळा पडलेला असल्यामुळे धाप लागल्याचे हावभाव उमटत नाहीत, मानेचे साहाय्यक स्नायूही थकलेले असल्यामुळे ते ओढले जाताना दिसत नाहीत, आणि रक्तवायू बिघडतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्यामुळे नळी वेळीच घातली गेली.

लक्षणे सुरू झाल्यापासून सुमारे 40 तासांनी त्याला घोड्यांच्या रक्तद्रवापासून बनवलेले सप्तसंयुजी प्रतिविष देण्यात आले. ए ते जी अशा सातही प्रकारांच्या विषांना बांधणारे हे प्रतिविष अमेरिकेत 2013 मध्ये मान्य झाले. माणसांवर त्याची तुलनात्मक चाचणी घेणे शक्य नसल्यामुळे त्याची परिणामकारकता प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे मान्य करण्यात आली, ही गोष्ट पुढच्या चर्चेसाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे. लवकर दिलेल्या प्रतिविषाचा फायदा दाखवणारा सर्वपरिचित आधार 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ए प्रकारच्या 132 रुग्णांच्या आढाव्यातून मिळतो. त्यात पहिल्या 24 तासांत प्रतिविष मिळालेल्यांपैकी 10 टक्के, उशिरा मिळालेल्यांपैकी 15 टक्के आणि मुळीच न मिळालेल्यांपैकी 46 टक्के रुग्ण दगावले होते. हा आढावा मागे वळून घेतलेला होता आणि कोणाला कधी प्रतिविष द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, हेही तितकेच खरे.

तपासणीत विष ए प्रकारचे निघाले. बाराव्या दिवशी रुग्णाची स्थिती अशी होती: पापण्या बंद, हातांची बोटे किंचित हलतात, पायाचा अंगठा हलवून तो प्रश्नांना हो किंवा नाही असे उत्तर देतो. व्हायटल कपॅसिटी किलोमागे 5 मिलिलिटर, म्हणजे एका साध्या श्वासालाही न पुरणारी. नळीच्या तोंडाशी मोजलेला सर्वाधिक ओढश्वासाचा दाब उणे 10 सेंटिमीटर पाणी. झोपेची औषधे बंद केलेली. फुफ्फुसांत संसर्ग नाही. प्रतिविषाला जे साधायचे होते ते साधून झाले होते, आणि आता पुढे नुसती वाट पाहायची होती. ए प्रकारात ही वाट कित्येक आठवड्यांची, कधी महिन्यांचीही असते. याच टप्प्यावर उपचार करणाऱ्या पथकात 3,4-डायअमिनोपिरिडीनचा विषय निघाला.

अडथळा नेमका कोठे आहे

बोटुलिनम विषाचे दोन भाग असतात. जड साखळी चेतातंतूच्या टोकाला चिकटून आत शिरण्याची वाट काढते, आणि हलकी साखळी आत गेल्यावर कात्रीचे काम करते. असिटिलकोलीन या संदेशवाहक रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या चेतातंतूच्या टोकाच्या पटलाशी एकरूप झाल्या की स्नायूला आदेश पोहोचतो, आणि ते एकरूप होणे काही ठरावीक प्रथिनांच्या गुंफणीवर अवलंबून असते. ए प्रकारचे विष यांपैकी स्नॅप-25 या 206 अमिनो आम्लांच्या प्रथिनाच्या टोकाकडची 9 अमिनो आम्ले छाटते. ई प्रकारचे विष त्याच प्रथिनाची 26 अमिनो आम्ले तोडते. बी, डी, एफ आणि जी हे प्रकार पिशवीवरच्या व्हॅम्प या वेगळ्या प्रथिनाचे तुकडे करतात. रक्तात फिरणाऱ्या विषाला प्रतिविष पकडते, पण चेतापेशीच्या आत शिरलेल्या हलक्या साखळीपर्यंत ते पोहोचत नाही. म्हणून प्रतिविषाने लुळेपणा वाढायचा थांबतो, पण आलेला लुळेपणा मागे फिरत नाही.

3,4-डायअमिनोपिरिडीन, औषधी नाव अमिफॅम्प्रिडीन, हे विषाला हातही लावत नाही. ते चेतातंतूच्या टोकावरील पोटॅशियमच्या वाहिन्या अडवते. या वाहिन्यांचे काम विद्युत्-लहर आटोपती घेण्याचे असते. त्या अडल्या की लहर रेंगाळते, कॅल्शियमची दारे नेहमीपेक्षा थोडा अधिक वेळ उघडी राहतात आणि अधिक कॅल्शियम आत शिरते. ए प्रकारात छाटलेले स्नॅप-25 अगदीच निकामी झालेले नसते. त्याला पूर्वीएवढ्या कॅल्शियमवर भागत नाही, एवढाच मुख्य फरक असतो. म्हणून कॅल्शियम वाढवले तर काही पिशव्या पुन्हा रिकाम्या होऊ लागतात. व्हॅम्प कापले गेले असेल तर कॅल्शियम वाढवून तेवढे साधत नाही, आणि प्रयोगशाळेतील कामांत या गटातील औषधांचा परिणाम बी प्रकारात ए पेक्षा बराच कमी दिसत आला आहे. याचा अर्थ असा की विषाचा प्रकार कळल्याशिवाय या औषधाबद्दल अपेक्षा बांधता येत नाही.

दुसरी अटही तितकीच महत्त्वाची आहे. हे औषध जे थोडेफार स्रवते आहे तेच वाढवते; जेथे काहीच स्रवत नाही तेथे वाढवायला काही उरत नाही. निरोगी चेता-स्नायू संधीत, म्हणजे चेतातंतू स्नायूला जेथे भिडतो तेथे, गरजेपेक्षा कितीतरी जास्त असिटिलकोलीन स्रवते. ही शिल्लक संपून स्राव एका मर्यादेच्या खाली गेला की त्या तंतूचे आकुंचन एकदम बंद पडते. म्हणून मर्यादेच्या जरा खाली असलेले तंतू औषधाने वर येतील, खूप खाली गेलेले येणार नाहीत. रुग्ण जितका गंभीर तितकी औषधाची गरज मोठी आणि यशाची शक्यता लहान, हा या प्रकरणातला मूळ पेच आहे. श्वासपटल, म्हणजे श्वास ओढणारा मुख्य स्नायू, यातून सुटलेले नाही, पण ज्याचे श्वासपटल किलोमागे 5 मिलिलिटर हवा ओढू शकते, त्याच्या काही तंतूंत तरी स्राव चालू आहे एवढे निश्चित.

आधीचे प्रयत्न आणि त्यांतून उरलेली अडचण

स्राव वाढवणाऱ्या औषधांची आशा जुनी आहे. 1968 मध्ये ग्वानिडिनने बोटुलिझमच्या रुग्णाला फायदा झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले, आणि 1971 मध्ये ए प्रकारात त्याच औषधाच्या अपयशाचे वृत्तही आले. पुढची अनेक वर्षे दोन्ही बाजूंनी तुरळक रुग्णांची वर्णने प्रसिद्ध होत राहिली. डोळ्यांचे आणि हातापायांचे स्नायू सुधारल्याचे उल्लेख मिळतात. व्हेंटिलेटर लवकर सुटला असे ठामपणे म्हणता येईल असा पुरावा मिळत नाही. 1978 मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे डबाबंद सामन माशातून चार जणांना ई प्रकारचा बोटुलिझम झाला आणि त्यांतील दोघे दगावले. त्या प्रसंगी 4-अमिनोपिरिडीन हे याच गटातील औषध वापरण्यात आले. हातापायांच्या स्नायूंत ताकद आल्याचे दिसले, श्वसनाच्या स्नायूंत मात्र नाही. या एका निरीक्षणाचे वजन मला पुढच्या अनेक उत्साही वृत्तांतांपेक्षा जास्त वाटते, कारण त्यात सुधारणा आणि उपयोग या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या झालेल्या स्पष्ट दिसतात. रुग्णाने मूठ घट्ट आवळली म्हणून त्याचा श्वास सुधारला असे होत नाही.

4-अमिनोपिरिडीन मेंदूत सहज शिरते आणि झटके आणू शकते. 3,4-डायअमिनोपिरिडीन मेंदूत त्यामानाने कमी शिरते, म्हणून पुढे लक्ष त्याच्याकडे वळले. लॅम्बर्ट-ईटन मायस्थेनिक सिंड्रोम या स्नायूंच्या अशक्तपणाच्या आजारासाठी ते युरोपात 2009 च्या अखेरीस आणि अमेरिकेत 2018 मध्ये मान्य झाले. त्यामुळे माणसांतील मात्रा, दुष्परिणाम आणि औषध शरीरात किती काळ टिकते याची खात्रीची माहिती आज हाताशी आहे. 2018 ते 2022 या काळात प्रसिद्ध झालेल्या प्राण्यांवरील प्रयोगांत ए विषाने लुळ्या पडलेल्या उंदरांच्या वेगळ्या काढलेल्या श्वासपटलाने या औषधाखाली पुन्हा आकुंचन दाखवले, मंदावलेला श्वास सुधारला, आणि मोठ्या उंदरांत औषध सलग शिरेतून चालू ठेवल्यावर एरवी मारक ठरणाऱ्या मात्रेतूनही प्राणी वाचले. माणसांतील अनुभव मात्र तुरळक रुग्णांपुरता आहे आणि तो एकमुखी नाही.

असे का होते याचे कारण रोगातच आहे. बोटुलिझमचा जो रुग्ण जगतो तो हळूहळू सुधारतोच: चेतातंतूच्या टोकाला नवे अंकुर फुटतात, नंतर जुनी टोकेही पूर्ववत काम करू लागतात. अशा रुग्णाला पंधराव्या दिवशी औषध सुरू केले आणि पंचविसाव्या दिवशी तो व्हेंटिलेटरवरून सुटला तर श्रेय कोणाला द्यायचे? ज्याला औषध दिले नाही अशा रुग्णाशी तुलना करावी, तर त्याने खाल्लेल्या विषाचे प्रमाण वेगळे, प्रतिविष मिळायला लागलेला वेळ वेगळा. मोठी चाचणी हे यावरचे उत्तर आहे आणि ते अशक्य नाही. कॅलिफोर्नियात तान्ह्या बाळांच्या बोटुलिझमसाठी मानवी इम्युनोग्लोब्युलिनची प्लासिबोशी, म्हणजे औषधासारख्या दिसणाऱ्या पण निष्क्रिय द्रव्याशी, तुलना करणारी चाचणी 1992 ते 1997 या काळात 122 बाळांवर झाली आणि रुग्णालयातील सरासरी मुक्काम 5.7 आठवड्यांवरून 2.6 आठवड्यांवर आल्याचे तिने दाखवले. पण त्यासाठी एका मोठ्या राज्यातील रुग्ण पाच वर्षे जमवावे लागले, आणि प्रौढांतील अन्नजन्य बोटुलिझम याहून विखुरलेला असतो.

औषधाचा दोष, कसोटीची सोय

या औषधाचे रक्तातील अर्धायुष्य सुमारे दोन तासांचे असते. उपचार म्हणून पाहिले तर हा मोठा दोष आहे, कारण दिवसातून कित्येकदा मात्रा द्यावी लागते आणि तरीही परिणाम चढत-उतरत राहतो. परीक्षा म्हणून पाहिले तर हाच त्याचा सर्वांत उपयोगी गुण आहे. सकाळी दिलेले औषध रात्रीपर्यंत जवळजवळ निघून जाते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्याच रुग्णाला प्लासिबो देऊन त्याचीच त्याच्याशी तुलना करता येते. विषाचा प्रकार, प्रतिविषाची वेळ, वय, वजन असे सगळे घटक आपोआप स्थिर राहतात. रोग इतका मंद गतीने बदलतो की लागोपाठच्या दोन दिवसांत नैसर्गिक सुधारणा अगदी थोडी होते, आणि औषधाचा परिणाम असलाच तर तो तासाभरात दिसतो. काळाच्या या दोन वेगांतील तफावतीवर या प्रकरणातील आराखडा उभा आहे.

पथकाने ठरवलेली पद्धत अशी. सकाळच्या एका ठरावीक वेळी, रात्रीच्या विश्रांतीनंतर, रुग्णाला नाकातून जठरात घातलेल्या नळीवाटे औषध किंवा प्लासिबो द्यायचे. दोन-दोन दिवसांच्या जोड्या करायच्या, प्रत्येक जोडीत एक दिवस औषधाचा आणि एक प्लासिबोचा. क्रम कोणता हे फक्त औषधविभागातील फार्मासिस्टला माहीत असेल आणि तो त्याने प्रत्येक जोडीसाठी नव्याने, यादृच्छिक रीतीने ठरवायचा. मापने मात्रेआधी आणि नंतर 30, 60, 120 आणि 240 मिनिटांनी घ्यायची. किमान चार जोड्या पूर्ण झाल्याशिवाय त्या क्रमाचे बंद पाकीट उघडायचे नाही.

काय मोजायचे यावर सर्वांत जास्त चर्चा झाली, आणि ते योग्यच होते. व्हायटल कपॅसिटी आणि ओढश्वासाचा दाब रुग्णाच्या प्रयत्नावर अवलंबून असतात. या औषधाने ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांशी मुंग्या येतात. शुद्धीवर असलेल्या रुग्णाला त्या जाणवतात, आज खरे औषध मिळाले हे तो ओळखतो आणि आशेने अधिक जोर लावतो. अशा वेळी प्लासिबो नावापुरताच उरतो. म्हणून मुख्य मापन प्रयत्नावर अवलंबून नसलेले हवे: मानेवर दोन्ही बाजूंना चुंबकीय कुंडल धरून श्वासपटलाकडे जाणाऱ्या फ्रेनिक चेता उद्दीपित करायच्या आणि त्या क्षणी श्वासनलिकेतील नळीच्या तोंडाशी निर्माण होणारा दाब मोजायचा. अतिदक्षता विभागात 11 सेंटिमीटर पाण्याहून कमी दाब हे श्वासपटलाच्या दौर्बल्याचे लक्षण मानले जाते. रुग्ण जागा आहे की झोपलेला, उत्साही आहे की खचलेला, याने हा आकडा फारसा हलत नाही. मात्र फुफ्फुसात हवा किती आहे आणि श्वासपटल नुकतेच जोरात आकुंचन पावले होते का, यांनी तो हलतो. म्हणून प्रत्येक मापन श्वास सोडून झाल्यावर आणि काही मिनिटांच्या विश्रांतीनंतरच घ्यायचे ठरले. व्हायटल कपॅसिटी आणि ओढश्वासाचा दाब दुय्यम मापने म्हणून ठेवले. हाताच्या स्नायूंतील विद्युत् प्रतिसादाची उंचीही नोंदवायची, पण ती केवळ औषध संधीपर्यंत पोहोचले हे सिद्ध करण्यासाठी. यशाचा निकष म्हणून नव्हे.

कसोटी सुरू करण्यापूर्वी एक चाळणी लावली. हाताच्या चेतेला सेकंदाला 20 ते 50 या वेगाने उद्दीपन दिल्यावर विद्युत् प्रतिसादाची उंची वाढते का, हे पाहिले. वेगाने उद्दीपन दिले की चेतातंतूच्या टोकात कॅल्शियम साठत जाते, म्हणजे औषध जे करू पाहते तेच क्षणभर घडते. प्रतिसाद वाढला तर वाढवण्याजोगा स्राव शिल्लक आहे. अतिगंभीर रुग्णांत ही वाढ पुष्कळदा दिसत नाही, आणि तशा रुग्णात औषधाची कसोटी त्या दिवशी घेण्यात अर्थ नसतो. काही दिवसांनी पुन्हा पाहावे. या रुग्णात माफक वाढ दिसली.

मात्रा, शोषण आणि सुरक्षितता

लॅम्बर्ट-ईटनमध्ये प्रौढाला सुरुवातीला दिवसाला 15 ते 30 मिलिग्रॅम, तीन ते पाच भागांत विभागून देतात, आणि एका वेळी 20 मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. बोटुलिझमसाठी हे औषध मान्य नाही, त्यामुळे येथे त्याच मर्यादा पाळणे शहाणपणाचे होते. पहिली मात्रा सर्वांना माहीत असलेली, म्हणजे लपवाछपवीशिवाय, 5 मिलिग्रॅमची दिली गेली आणि सहा तास नुसते निरीक्षण केले. नंतरच्या दिवशी 10 मिलिग्रॅम, आणि तीच पुढच्या जोड्यांसाठी ठरली. गोळ्यांपासून मिलिलिटरमागे एक मिलिग्रॅम असे द्रावण करून ते नळीतून देता येते.

येथे दोन अडचणी आहेत. बोटुलिझममध्ये आतड्यांची हालचालही मंदावलेली असते, कधी ती जवळजवळ थांबलेली असते. नळीतून दिलेले औषध जठरातच पडून राहिले तर एरवी तासाभरात गाठली जाणारी रक्तातील पातळी गाठलीच जाणार नाही, आणि आपण औषध निरुपयोगी ठरवू, तेही ते श्वासपटलापर्यंत पोहोचलेले नसताना. म्हणून प्रत्येक मापनाबरोबर रक्ताचा नमुना काढून ठेवायचा आणि पातळी नंतर तपासायची, हे आराखड्यातच घातले. दुसरी अडचण आनुवंशिक आहे. या औषधाचे विघटन नॅट-2 या एन्झाइमने होते, म्हणजे क्षयाच्या उपचारातील आयसोनियाझिडचे विघटन करणाऱ्याच एन्झाइमने, आणि आयसोनियाझिडप्रमाणेच येथेही माणसांचे मंद आणि वेगवान असे गट पडतात. एकाच मात्रेने दोघांच्या रक्तातील पातळीत कित्येक पटींचा फरक पडू शकतो. मंद गटातील रुग्णाला 10 मिलिग्रॅम जास्त होतील, वेगवान गटातल्याला ते कदाचित पुरणारही नाहीत. जनुकीय तपासणी हाताशी असेल तर ती आधी करावी. नसेल तर पहिल्या मात्रेनंतरची रक्तपातळी तेच काम करते.

फेफऱ्याचा पूर्वेतिहास असलेल्याला हे औषध देऊ नये. येथे धोका एका कारणाने वाढतो: लुळ्या रुग्णात झटका आला तर अंग झटकताना दिसणार नाही. त्यामुळे कसोटीच्या दिवशी मेंदूच्या विद्युत्-क्रियेचा सलग आलेख चालू ठेवला होता. हृदयाच्या आलेखावर नजर होतीच. श्वासमार्गातील स्राव वाढणे हा या औषधाचा ज्ञात परिणाम आहे, म्हणून मापनाआधी नळी साफ करण्याची वेळही ठरवून टाकली. नाही तर वाढलेल्या चिकट स्रावाने श्वास अडेल आणि त्याचा दोष श्वासपटलावर जाईल.

पथकाने आणखी एक पथ्य पाळले, जे बोटुलिझममध्ये औषधाच्या कसोटीशिवायही पाळायला हवे. जेंटामायसिनसारखी अमिनोग्लायकोसाइड प्रतिजैविके आणि शिरेतून दिलेले मॅग्नेशियम चेता-स्नायू संधीतील स्राव आणखी दाबतात. कसोटीच्या मध्यावर फुफ्फुसाचा संसर्ग झाला आणि कोणी सवयीने अमिनोग्लायकोसाइड सुरू केले, तर रुग्णही बिघडेल आणि मापनेही. म्हणून ही औषधे टाळण्याची सूचना पलंगाशी लावलेल्या तक्त्यावर ठळक लिहिली.

संमतीचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा सोपा निघाला. अतिदक्षता विभागातील बहुतेक प्रयोगांत रुग्ण बेशुद्ध असतो आणि नातेवाइकांना विचारावे लागते. येथे रुग्ण पूर्ण शुद्धीत होता, फक्त बोलू शकत नव्हता. त्याच्या पापण्या हाताने उचलून, आराखडा तुकड्या-तुकड्याने समजावून, पायाच्या अंगठ्याच्या हालचालीने उत्तरे घेऊन संमती मिळवली. तेच प्रश्न दुसऱ्या दिवशी उलटसुलट शब्दांत पुन्हा विचारून ती पक्की केली. वेळ लागला. पण डोळे मिटलेल्या, निश्चल माणसाला काही कळत नाही असे गृहीत धरून नातेवाइकांच्या सहीवर भागवण्याची सवय या आजारात फार वाईट आहे.

आकड्यांचा अर्थ

समजा, पाकीट उघडल्यावर असे दिसले की औषधाच्या दिवशी हाताचा विद्युत् प्रतिसाद दुपटीने वाढला, श्वासपटलाचा दाब मात्र हलला नाही. हे बर्मिंगहॅमचेच चित्र झाले. त्यावरून औषध पोहोचले आणि श्वासपटल मर्यादेच्या फार खाली आहे, एवढेच म्हणता येते. त्याच रुग्णाची आठवड्याभराने पुन्हा कसोटी घेणे रास्त ठरते, कारण तोवर काही तंतू मर्यादेजवळ आलेले असतील. रक्तातील पातळीच कमी निघाली तर निष्कर्ष काढायचाच नाही. मात्रा किंवा मार्ग बदलून पुन्हा सुरुवात करायची.

समजा, औषधाच्या चारही दिवशी दाब 4 वरून 7 सेंटिमीटर झाला आणि प्लासिबोच्या दिवशी तो 4 च्या आसपासच राहिला. औषध श्वासपटलावर काम करते याचा हा एका रुग्णापुरता भक्कम पुरावा आहे, आणि तो शंभर दिवसांच्या हकिकतीपेक्षा अधिक विश्वासार्ह आहे. तरीही 7 सेंटिमीटरवर व्हेंटिलेटर सुटत नाही. तसेच, औषध नियमित चालू ठेवल्याने व्हेंटिलेटरचे एकूण दिवस कमी होतात का, या प्रश्नाला अदलाबदलीची ही पद्धत उत्तरच देऊ शकत नाही. त्यासाठी काही रुग्णांना सलग औषध आणि काहींना सलग प्लासिबो अशी तुलनाच लागेल. मोठ्या उंदरांतील प्रयोगांत सलग औषधाखाली प्राणी तगून राहिले, म्हणून हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. पण उंदीर व्हेंटिलेटरवर नव्हते आणि आपला रुग्ण आहे. त्यांच्या बाबतीत औषधाने मरण टाळले. येथे यंत्राने ते आधीच टाळलेले आहे आणि आता उरला आहे तो कालावधीचा प्रश्न.

अनेक रुग्णालयांनी हाच आराखडा, हीच मापने आणि हीच वेळापत्रके वापरली तर एकेका रुग्णाच्या कसोट्या एकत्र जोडता येतात. एकाच पदार्थातून अनेकांना बाधा झाली की अशी संधी विशेष येते, कारण विषाचा प्रकार एकच असतो आणि आजार जवळजवळ एकाच दिवशी सुरू झालेला असतो. आराखडा आणि नैतिक समितीची परवानगी आधीच तयार ठेवलेली नसेल तर ती संधी हातून जाते. साथ उद्भवल्यावर कागद हलवायला सुरुवात केली तर परवानगी येईपर्यंत रुग्ण सुधारू लागलेले असतात.

औषध नळी घालण्याआधीच द्यावे, म्हणजे व्हेंटिलेटरची वेळच येणार नाही, असा एक विचार मांडला जातो. प्राण्यांतील प्रयोग पाहता तो मोहक आहे. व्हेंटिलेटर पुरेसे उपलब्ध असतील तेथे मला तो धोक्याचा वाटतो. विष अजून आत शिरत असताना व्हायटल कपॅसिटी औषधाने तीन तास सावरलेली दिसेल, पथक निर्धास्त होईल आणि परिणाम ओसरताच रुग्ण मर्यादेच्या कितीतरी खाली कोसळेल. रुग्ण अनेक आणि यंत्रे मोजकी अशी वेळ आली तर हिशेब निराळा होतो. तेव्हा काही तास लाभणेही मोलाचे असते. पण तेथेही दर मात्रेआधीचा, म्हणजे औषध ओसरलेल्या वेळचा आकडा हाच खरा मानून निर्णय घ्यावे लागतील.

व्हेंटिलेटरवरून उतरवतानाही हाच नियम लागू होतो. कसोटीत परिणाम दिसला आणि औषध नियमित सुरू केले, तर मात्रेनंतर तासाभराने घेतलेली मापने उत्साहवर्धक असतील. त्यांच्या जोरावर नळी काढू नये. शेवटच्या मात्रेला निदान सहा तास झाल्यावर, शक्यतो पहाटे, व्हायटल कपॅसिटी मोजावी आणि ती सलग दोन दिवस पुरेशी भरली तरच नळी काढण्याचा विचार करावा. नळी काढल्यानंतरही औषध एकदम बंद न करता एकेक मात्रा कमी करावी, आणि प्रत्येक कपातीनंतरची पहिली रात्र रुग्णाला अतिदक्षता विभागातच ठेवावे.